धप्पाकाका आणि बंबसाहेबांचा हात

धप्पाकाकांचं वजन कधी पन्नास किलोच्या वर गेलं नाही. लांबून येताना दिसले की नुसता शर्टच चालत येतोय असं वाटायचं. पण सत्तावीस वर्षांत पडद्यावरच्या आडदांड नायकांनी जेवढे म्हणून ठोसे हाणले, त्यातले निम्मेअधिक या किडकिडीत माणसानं हाणलेले आहेत. मी साक्षीदार आहे. त्यातली पंधरा वर्षं मी काचेच्या अलीकडे यंत्रापाशी बसून त्यांचं ध्वनिमुद्रण केलं.

चित्रीकरणात ठोसा कुणाला लागत नाही. नायकाची मूठ खलनायकाच्या गालापासून वीतभर लांबून जाते, खलनायक आपला आपण कोलमडतो, आणि आवाज म्हणाल तर काहीच होत नाही. आवाज नंतर भरायचा असतो. ते काम आमच्या स्टुडिओत चालायचं. जुन्या इमारतीच्या तळघरात दोन खोल्या, मध्ये जाड काच. पलीकडच्या खोलीत मोठा पडदा आणि जमिनीत चौकोनी खण केलेले. एकात रेती, एकात खडी, एकात फरशी, एकात लाकडी फळ्या. पडद्यावर नायक चालू लागला की काका त्याच्याकडे बघत त्या खणात जागच्या जागी पावलं टाकायचे. तो थांबला की थांबायचे. नायकाचे बूट दहा नंबरचे आणि काकांचा पाय सहाचा. म्हणून तीन मोजे एकावर एक चढवून ते त्या बुटांत उभे राहायचे.

ठोशासाठी चामड्याची एक जुनी पिशवी होती, आत ओल्या चिंध्या कोंबलेल्या. मनगटाला झटका देऊन तिच्यावर काका असा काही तळहात मारायचे की हेडफोनमध्ये मला माझाच जबडा निखळल्यासारखं वाटायचं. हाड मोडायचं असेल तर ओल्या फडक्यात गाजर गुंडाळून पिळायचं. डोकं आपटायचं असेल तर कोबी. मारामारीचा चित्रपट हातात असला की त्या आठवड्यात काकांच्या घरी कोबी आणि गाजराशिवाय दुसरं काही शिजायचं नाही. धप्पा हे नाव या धंद्यामुळेच पडलं. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते कुणाच्याच तोंडी नव्हतं.

स्टुडिओत दोन कपाटं होती. एकावर खडूनं 'पुरुष' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'बायका'. पुरुषांच्या कपाटात बूट, पट्टे, चामड्याची जाकिटं, साखळ्या, काठ्या, कडीकोयंडे, आणि दाढी खाजवल्याचा आवाज काढायला एक झिजलेला ब्रश. बायकांच्या कपाटात उंच टाचा, रेशमी कापडं, कंगवे, वाट्या, चमचे, उशा, बाळाची झबली. हे दुसरं कपाट मावशींच्या ताब्यात होतं. काकांच्या जोडीनं त्या काम करायच्या आणि हळुवार म्हणून जे काही असेल ते त्यांच्याकडे जायचं. एकदा एका नायकानं आजारी आईच्या कपाळावरून हात फिरवला होता, तर तो हातसुद्धा मावशींनीच फिरवला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

काकांचे सासरे त्यांच्याकडेच राहायचे. सहा फूट उंच, आणि मिशा अशा की दोन्ही टोकांना एकेक चिमणी आरामात बसावी. चौतीस वर्षं ते अग्निशमन दलात बंबावर होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना सगळे बंबसाहेबच म्हणत. काकांची बायको ही त्यांची एकुलती एक मुलगी, मोठ्या रुग्णालयात नर्स. लग्न ठरतानाचा बापलेकीचा संवाद काका फार रंगवून सांगायचे.

"मुलगा करतो काय?" बंबसाहेबांनी विचारलं होतं.

"आवाज करतो."

"आवाज तर बंबाचा भोंगाही करतो. काम काय करतो?"

"बाबा, आवाज करणं हेच त्याचं काम."

त्यावर बंबसाहेबांनी तीन दिवस तोंडात कारलं धरल्यासारखा चेहरा केला आणि मग होकार दिला. पुढची चार वर्षं मात्र जावयाशी त्यांचं हवापाण्यापलीकडे बोलणं नव्हतं. शेवटी मुलीनंच एका रविवारी दोघांच्या हातात मारामारीच्या चित्रपटाची तिकिटं ठेवली. पडद्यावर नायकानं पहिला ठोसा मारला तसे काका सासऱ्यांच्या कानाशी लागले, "हा माझा." दुसरा ठोसा बसला. "हाही माझाच." आठव्या ठोशाला बंबसाहेबांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसलं आणि पडद्याकडे बोट करून सांगितलं, "आमचे जावई."

त्या दिवसापासून काकांचे 'जावईबापू' झाले. गल्लीच्या तोंडाशी एक सलून होतं. रविवारी सकाळी तिथे बंबसाहेब, सलूनवाले आणि निवृत्त पोस्टमन असा अड्डा जमायचा. टीव्हीवर मारामारी लागली की बंबसाहेब खुर्चीत ताठ व्हायचे. "हा बघा, आमच्या घरचा. आणि हा? छे, हा दुसऱ्या कुणाचा तरी. दम नाही." सलूनवाले वस्तरा हवेत धरून ऐकायचे आणि खुर्चीत अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक ताटकळत बसायचं.

सगळं असं झकास चाललेलं असताना, एका उन्हाळ्यात आमच्याकडे एक दिग्दर्शिका आली. तिशीतली, खांद्याला सॅक, दोन वाक्यांच्या मध्ये थांबून विचार करायची सवय. तिचा हा पहिलाच चित्रपट होता.

"यात ठोसे किती?" काकांनी नेहमीसारखं विचारलं. पिशवी ओली करून ठेवायची होती.

"एकही नाही."

"एकही नाही?" काकांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. "मग आपटाआपटी? दार तरी कुणी धाडकन लावतं का?"

"एकदा लावणार असतो तो. पण मुलगी झोपलीये म्हणून हळूच लावतो."

काका खडीच्या खणाच्या काठावर बसले आणि एकेक मोजा काढू लागले.

तिनं गोष्ट सांगितली. एक ट्रक ड्रायव्हर. महिना महिना रस्त्यावर. बायको दुसऱ्या बाळंतपणासाठी रुग्णालयात जाते आणि घरी राहतात तो आणि त्याची सहा वर्षांची मुलगी. अकरा दिवस. बस्स, एवढंच.

"माझे वडील ट्रक चालवायचे," ती म्हणाली. "पडद्यावर कधीही ट्रक ड्रायव्हर बघा. एक तर तो पिऊन पडलेला असतो, नाहीतर कुणाला तरी धोपटत असतो. माझे वडील घरी आले की माझ्या बाहुलीचे कपडे शिवायचे. ट्रकच्या सीटचं कापड उरायचं, त्याचे. इतकी वर्षं मी चित्रपट बघतेय, माझे वडील मला एकदाही कुठे दिसले नाहीत. म्हटलं, आपणच दाखवू."

चित्रपटातला मुख्य प्रसंग म्हणजे पहिल्याच दिवशीची सकाळ. मुलीला शाळेत जायचंय आणि बाप तिची वेणी घालतोय. तीन मिनिटं. संगीत नाही, बोलणं नाही. फक्त हात, केस आणि कंगवा.

"हे मावशींचं काम," काका म्हणाले. पण मावशी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, महिनाभर तरी येणार नव्हत्या. दुसरं कुणी नव्हतं. काकांनी बायकांचं कपाट उघडलं, कंगवा आणि केसांचा टोप काढला, माईकसमोर बसले आणि पडद्याकडे बघत वेणी घालायला लागले. मी हेडफोन लावून ऐकत होतो आणि थक्क होत होतो. भांग सरळ, तीन पेड, बोटं सरसर चाललेली, शेवटी रिबीन आवळल्याचा नेमका 'चुक्' असा आवाज. एका दमात सगळं झालं.

दिग्दर्शिकेनं ते पुन्हा एकदा ऐकलं. मग म्हणाली, "सुंदर झालंय. पण चालणार नाही."

"काय चुकलं?"

"काहीच चुकलं नाही, तेच तर. हा ड्रायव्हर पहिल्यांदा वेणी घालतोय. आणि या हातांनी आयुष्यभर वेण्या घातल्यात."

काकांचे कान लाल झाले. टोपावरची रिबीन सोडवत, मान खाली घालून ते म्हणाले, "चौदा वर्षं. आधी थोरलीची, मग दोघींच्या. हिची सकाळची पाळी असते, सहाला घर सोडते. मग कोण घालणार?"

माझा हात बटणावर तसाच राहिला. पंधरा वर्षं या माणसाबरोबर मी रोज डबा खाल्ला होता. कुठला ठोसा कसा मारला हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. दोन मुलींच्या वेण्या घालून ते रोज कामावर येतात, हे मला माहीत नव्हतं.

"काका, कधी बोलला नाहीत," मी माईकवरून म्हटलं.

"कुणी विचारलं?" ते हसले. "जो तो ठोशांचंच विचारतो. घरीसुद्धा. मी वेण्या घालतो तेव्हा आमचे सासरे पेपर तोंडापुढे धरून बसतात. बिचाऱ्यांना बघवत नाही."

मग वेणी बिघडवायचा कार्यक्रम सुरू झाला. काकांनी हातात जाड हातमोजे घातले. आवाज असा आला की कुणी पोत्यात उंदीर कोंडतोय. बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळल्या. डाव्या हातानं घातली. मी ऐकून म्हटलं, "काका, ही वेणी नाही, हा गळा दाबून खून चाललाय." दिग्दर्शिका हसून हसून खाली बसली. पण प्रश्न तसाच राहिला. हवा होता एक राकट हात, घट्टे पडलेला, आयुष्यभर अवजड कामं केलेला आणि वेणीपुढे बावचळलेला. असा हात सोंग घेऊन येत नाही.

काका एकदम म्हणाले, "आहे एक. माझ्या घरीच आहे. पण तो तयार व्हायचा नाही."

घरी जाऊन काकांनी सासऱ्यांना इतकंच सांगितलं की स्टुडिओत एका कामाला दणकट हात हवाय, आमच्याकडे कुणाचा तसा नाही. बाकी सगळं बंबसाहेबांनी आपल्या मनानं भरलं. त्याच संध्याकाळी त्यांनी मिशा कातरून घेतल्या. सलूनवाल्यांना सांगितलं, "अखेर त्यांना अस्सल माल लागला." दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट, चकाकणारे बूट अशा थाटात ते तळघराचा जिना उतरले. मागोमाग त्यांची धाकटी नात, वय वर्षं अकरा. शाळेला सुट्टी होती आणि तिला आजोबांचा पराक्रम बघायचा होता. वेणीचं तिला काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, पण तिनं तोंड मिटून धरलं होतं.

आल्या आल्या बंबसाहेबांनी नायकाचे बूट पायात घालून पाहिले. मोज्यांशिवाय बरोबर बसले. मग त्यांची नजर चामड्याच्या पिशवीवर गेली.

"हीच का ती?"

"हीच," काका म्हणाले.

बंबसाहेबांनी बाह्या सरसावल्या, दोन पावलं मागे गेले आणि हाणला एक ठोसा. पिशवी स्टँडसकट उडून रेतीत पडली. मी यंत्रावर पाहिलं. आवाज आला होता 'फुस्'.

"पुन्हा," बंबसाहेब म्हणाले. पुन्हा फुस्. तिसऱ्यांदा तर तेवढंही नाही.

काकांनी पिशवी उचलली, जागेवर लावली आणि मनगटाला एक हलका झटका दिला. धाड! बंबसाहेब दचकून मागे सरले.

"बाबा, खऱ्या माराला फारसा आवाज नसतो," काका म्हणाले. "हे सगळं मनगटाचं नाटक आहे."

"म्हणजे इतकी वर्षं मी सलूनमध्ये..." बंबसाहेब थांबले. "बरं. मग माझा हात कशाला हवाय?"

आता सांगणं भागच होतं. काकांनी सांगितलं. बंबसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग नायकाचे बूट काढले आणि आपले घालू लागले.

"जावईबापू, चौथ्या मजल्याच्या खिडकीतून मी माणसं खांद्यावर घालून उतरवलीत. आणि तुम्ही मला वेणी घालायला आणलंत?"

"आजोबा," नात म्हणाली, "घाबरलात?"

"मी?"

"मग घाला की."

"घाबरण्याचा प्रश्न नाही गं. येत नाही मला."

"येत नाही म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय!" दिग्दर्शिका आनंदानं म्हणाली. नातीनं आपले केस सोडले आणि माईकपाशी स्टुलावर जाऊन बसली, पाठ आजोबांकडे करून. थोडा वेळ ते उभेच राहिले. मग त्यांनी दुसरं स्टूल ओढलं.

मी लाल दिवा लावला.

पडद्यावरचा ड्रायव्हर केसांत हात घालत होता, तसा त्यांनी घातला. हेडफोनमध्ये मला पहिल्यांदा त्यांचे तळवे ऐकू आले. खरखर, खरखर. केस घट्ट्यांना अडकत होते. मग श्वास. आगीत शिरणारा हा माणूस मिशांमधून असा श्वास सोडत होता, जणू हातात काचेचं भांडं दिलंय आणि ठेवायला जागा नाही. एक पेड धरला की दुसरा सुटायचा. मध्येच नातीनं मान हलवली, केस ओढले गेले, आणि बंबसाहेब एकदम हळू आवाजात बोलले, "दुखलं का गं?"

बोलणं म्हणजे तो भाग वाया. मी थांबवणार इतक्यात दिग्दर्शिकेनं माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

वेणी पुरी झाली. कानाच्या मागून निघून खांद्याच्या भलत्याच बाजूला पोचली होती. "झालं," मी म्हटलं. "मिळालं आपल्याला."

"काही झालं नाही," बंबसाहेब म्हणाले. "मधली बट सुटली. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. पुन्हा त्यांना पटेना. अंगठा चुकला, भांग हलला, रिबीन सैल. काका शेजारी उभे राहून सांगू लागले, "बाबा, मधला पेड करंगळीत धरा. नाही, घट्ट नको. पाण्याचा पाइप नाही तो." सात वेळा वेणी घातली त्यांनी. नात कंटाळली नाही, तिला बक्षीस म्हणून प्रत्येक वेळी यंत्राचं एक बटण दाबायला मिळत होतं.

पाचव्या की सहाव्या खेपेला रिबीन शोधताना ते सहज बोलून गेले, "हिच्या आईची मी एकदाही घातली नाही. कामावरून आलो की हातांना धुराचा वास यायचा. धुतला तरी जायचा नाही. ती म्हणायची, बाबा, लांब व्हा. मग मी लांबच राहिलो. सवय लागली."

काकांनी स्टुलाखाली पडलेली रिबीन त्यांच्या हातात दिली.

दोन वाजता रुग्णालयातली पाळी संपवून काकांची बायको थेट स्टुडिओत आली. वडील वेणी घालतायत असं लेकीनं फोनवर सांगितलं होतं आणि तिचा विश्वास बसला नव्हता. ती काचेपाशी आली, आत पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"बाबा, तुम्ही?"

"ये," बंबसाहेब म्हणाले. "बस इथे."

"मी? अहो, मी चाळिशी ओलांडली."

"बस म्हणतो ना."

ती बसली. केसांत बऱ्यापैकी पांढरं दिसू लागलं होतं. त्यांनी आधी स्वतःच्या हातांचा वास घेतला, अगदी नकळत, आणि मग कंगवा उचलला. मी हेडफोन काढून ठेवले आणि यंत्र बंद केलं. तरी काचेपलीकडून तिचं हसणं ऐकू येत होतं.

"बाबा, दुखतंय हो!"

"दुखणारच. पस्तीस वर्षांची थकबाकी आहे."

ती हसत होती, रडत होती, पुन्हा हसत होती. काका रेतीच्या खणात उभे राहून सासऱ्यांना सूचना देत होते आणि सासरे म्हणत होते, "जावईबापू, मध्ये बोलू नका. मला जमतंय."

तिनं ती वाकडी वेणी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्या वॉर्डातल्या पेशंटनीसुद्धा विचारलं म्हणे, सिस्टर, आज केसांना काय झालं?

चित्रपटात पहिल्याच खेपेची वेणी घेतली, आणि 'दुखलं का गं' हे शब्दही तसेच राहिले. त्या क्षणी पडद्यावर ड्रायव्हरची पाठ होती, ओठ दिसत नव्हते. त्या नटाचा आवाज थोडा पातळ होता. पण एवढ्या हळू बोलताना सगळ्या बापांचे आवाज सारखेच येत असावेत, कारण फरक कुणालाच जाणवला नाही.

चित्रपट एका लहानशा थिएटरात लागला. बंबसाहेबांनी अख्खा अड्डा नेला. मीही गेलो होतो. माझा हात आहे त्यात, एवढंच त्यांनी दोस्तांना सांगितलं होतं; तो हात काय करतो हे सांगितलं नव्हतं. पोस्टमन दर दहा मिनिटांनी वाकून विचारत होते, "मारामारी कधी?"

"बघा तर खरं," बंबसाहेब म्हणत होते. आवाज नेहमीचा होता, पण हात मात्र गुडघ्यांवर घट्ट.

सकाळचा तो प्रसंग आला.  केसांतून फिरणारी ती खरखर, तो श्वास. मग, "दुखलं का गं?"

सलूनवाले गर्रकन वळले. "बंबसाहेब! हा तर तुमचा..."

"हातही माझाच," बंबसाहेब म्हणाले. म्हणाले ते ताठ बसून, आठव्या ठोशाला म्हणाले होते तितक्याच मोठ्यानं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिलं.

 पोस्टमन चष्मा पुसू लागले. सलूनवाल्यांनी पडद्याकडे बारकाईनं पाहिलं, मान हलवली आणि आपलं धंद्यातलं मत दिलं, "भांग वाकडा पडलाय. रविवारी या, शिकवतो."

एका वर्तमानपत्रात त्या चित्रपटावर छान लिहून आलं. नटानं नुसत्या हातांनी केलेला अभिनय थक्क करणारा आहे, त्या बोटांत बापाची सगळी धडपड ऐकू येते, असं त्यात होतं. तो नट मोठा सज्जन. त्यानं दिग्दर्शिकेकडून नंबर मिळवून बंबसाहेबांना फोन केला. "साहेब, माझ्या हातांचं कौतुक होतंय, ते तुमच्याकडे पोचवायला फोन केला." बंबसाहेबांनी ते कात्रण सलूनच्या आरशाला चिकटवलं. कुणी विचारलं की सगळी हकीकत सांगायचे, फुस् या आवाजासकट.

मारामारीचे चित्रपट अर्थात थांबले नाहीत. काका अजूनही तीन मोजे घालून धाडधाड ठोसे मारतात, आणि मजेत मारतात. "मला आवडतं हो ते," ते म्हणतात. "नाटक आहे हे कळलं की आणखी आवडतं." पण आता एखादा दिग्दर्शक आला की तेच उलट विचारतात, हा तुमचा नायक घरी गेल्यावर काय करतो? बहुतेकांना उत्तर येत नाही. एकानं मात्र दुसऱ्या दिवशी येऊन नवा प्रसंग दाखवला: नायक नुसत्या बनियनवर बसून शर्टाचं बटण शिवतोय. सुई काकांनी स्वतःच धरली.

गेल्या महिन्यात ती दिग्दर्शिका दुसरा चित्रपट घेऊन आली. त्यात एका बाकावर तीन म्हातारे बसलेत आणि कशावरून तरी हसतायत. कशावरून ते प्रेक्षकांना कधीच कळत नाही. मी आमचा साठा तपासला. पुरुषांच्या हसण्याचे साठ नमुने निघाले. पन्नास खलनायकांचे गडगडाटी, उरलेले दारुड्यांचे. तिघे दोस्त नुसते हसतायत असा एकही नाही.

काकांनी अड्ड्याला बोलावणं धाडलं. तिघे आले, माईकसमोर बसले, मी दिवा लावला. आणि तिघेही गप्प. हसा म्हटल्यावर कोण हसतं? पोस्टमननी 'हा, हा, हा' असं पत्ता वाचल्यासारखं म्हणून दाखवलं. सलूनवाल्यांना नुसता खोकला आला. शेवटी बंबसाहेबांनी सूत्रं हाती घेतली. ते उभे राहिले, छाती पुढे काढली आणि गरजले, "सावधान! एक, दोन, तीन, हसा!"

"अहो साहेब," सलूनवाले कळवळून म्हणाले, "आग लागली नाहीये कुठे!"

पोस्टमनना फिस्सकन हसू फुटलं. त्यांचं बघून सलूनवाल्यांना. बंबसाहेब आधी रागावले, मग त्यांच्या मिशा थरथरू लागल्या, मग तेही खाली बसले. एक थांबला की दुसऱ्याला फुटायचं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मावशी चहा घेऊन आत गेल्या आणि काय झालं ते न कळताच त्याही हसायला लागल्या. बाकावर बाई नव्हती, म्हणजे तो भाग वापरता येणार नव्हता. मी काकांकडे पाहिलं. ते लाकडी फळ्यांवर मोज्यांनिशी बसले होते, डोळे पुसत, आणि काचेतून मला हातानं सांगत होते, चालू दे, चालू दे.